गर्भारपणातील अस्थिसुषिरता

अस्थिसुषिरता किंवा ऑस्टिओपोरोसिस म्हणजे हाडांची घनता घटून ती ठिसूळ होणे. हा विकार सहसा उतारवयात आढळतो. तथापि गर्भारपणाच्या अखेरच्या तिमाहीत किंवा प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत तो क्वचित तरुण स्त्रियांनाही होतो.

कॅल्शियमची गरज

पूर्ण दिवसांच्या नवजात अर्भकाच्या शरीरात सुमारे ३० ग्रॅम कॅल्शियम असते. त्यातील बहुतांश अखेरच्या तिमाहीत मातेकडून मिळते. त्यासाठी मातेच्या आतड्यातील कॅल्शियमचे शोषण जवळजवळ दुप्पट होते. स्तनपानाच्या काळात मात्र काही कॅल्शियम मातेच्या हाडांतून घेतले जाते. ही घट स्तनपान थांबल्यावर सामान्यतः भरून निघते. त्यामुळे प्रत्येक बाळंतपणात हाडे कायमची झिजतात, हा समज बरोबर नाही.

लक्षणे व निदान

पाठीचे मणके दबून मोडणे, तीव्र पाठदुखी आणि उंची घटणे ही प्रमुख लक्षणे होत. गर्भारपणात पाठदुखी नेहमीचीच मानली जात असल्याने निदानास विलंब होतो. अचानक उद्भवलेल्या किंवा असह्य वेदनेची वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरते. गर्भवतीच्या मणक्यांसाठी क्ष-किरणांऐवजी एमआरआय तपासणीस प्राधान्य दिले जाते. हेपारिन वा स्टेरॉइड औषधांचा दीर्घकालीन वापर धोका वाढवतो. विकार तीव्र असल्यास स्तनपान थांबवण्याचा सल्ला दिला जातो.

आहार व प्रतिबंध

सोलापूर जिल्ह्यात ज्वारीची भाकरी हे मुख्य अन्न आहे. ज्वारीत कॅल्शियम अल्प असते. नाचणीत ते १०० ग्रॅममागे ३०० मिलिग्रॅमहून अधिक असते. म्हणून भाकरीला दूध, दही, तीळ व पालेभाज्यांची जोड आवश्यक असते. घरात बसून विड्या वळणाऱ्या स्त्रियांना ऊन कमी मिळाल्यास ड जीवनसत्त्वाची उणीव संभवते.

पुण्याजवळील सहा गावांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या माता-पोषण अभ्यासाचे अस्थिविषयक निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. गर्भारपणात कॅल्शियमयुक्त पदार्थ वारंवार खाणाऱ्या मातांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी हाडांतील खनिजांचे प्रमाण अधिक आढळले.

केंद्र शासनाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार चौदाव्या आठवड्यापासून प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियमची गोळी दिवसातून दोनदा, जेवणासोबत घ्यावयाची असते. लोहाची गोळी तिच्याबरोबर घेऊ नये; दोहोंत किमान दोन तासांचे अंतर असावे, अन्यथा लोहाचे शोषण घटते.