काठमांडूचा फोन

शनिवार, २५ एप्रिल २०१५, सकाळ

अक्षय तृतीया होऊन चारच दिवस झालेत. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव आणि पलीकडच्या खटाव-माणमधून गलाईच्या धंद्यासाठी बाहेर पडलेली घरं देशभर पांगलेली आहेत; काही थेट काठमांडूत. जुने दागिने वितळवायचे, आम्लात शुद्ध करायचे, सराफांच्या भट्टीच्या राखेतून सोन्याचा कण वेगळा करायचा, हे त्यांचं काम. दिवस गावच्या जत्रांचे. कुणी जत्रा करून नुकतं परतलंय, कुणी अजून गावीच आहे. कोण नक्की कुठं आहे याचा हिशेब एरवी कुणी ठेवत नाही.

नेपाळात शनिवारी सुट्टी असते. आज हजारो वर्गखोल्या पडणार आहेत, पण त्या रिकाम्या असतील.

११:४१

तिकडची घड्याळं पंधरा मिनिटं पुढं, म्हणजे ११:५६. काठमांडूच्या वायव्येला सुमारे ८० किलोमीटरवर, गोरखा जिल्ह्यातल्या बारपाकजवळ जमिनीखालचा खडक सरकतो. तीव्रता ७.८. भेग पूर्वेकडं धावत काठमांडूच्या खालून निघून जाते. सगळं मिनिटभरात. विट्यात काहीच जाणवत नाही.

१२:१५

६.६ चा दुसरा मोठा धक्का. इकडं टीव्हीवर बातमी आलेली असते. ज्यांचं माणूस तिकडं आहे ते फोन लावू लागतात. लागत नाही. पुन्हा लावतात.

दुपार

धरहरा पडला. काठमांडूतला नऊ मजली मनोरा, १९३४ च्या भूकंपातही कोसळलेला आणि नंतर पुन्हा बांधलेला. त्याचा उरलेला बुंधा टीव्हीवर सारखा दिसत राहतो. एवढा मनोरा पडला तर भाड्याच्या खोलीचं काय झालं असेल, असं घरच्यांना वाटणारच. खरं तर काठमांडू जुन्या तळ्याच्या गाळावर वसलंय आणि त्या दिवशीच्या लाटा संथ होत्या, एकेक हेलकावा चार-पाच सेकंदांचा. असा हेलकावा उंच बांधकामाला जास्त झोडपतो. बुटकी घरं त्यातून भीतीपेक्षा जास्त संख्येनं वाचली. पण हे शास्त्रज्ञांनी नंतर सांगितलं. त्या दुपारी आईबापांसमोर होता फक्त तो बुंधा, आणि तोच तो पुन्हा दाखवणं मला आजही निर्दय वाटतं.

संध्याकाळ

फोन एखाद्यालाच लागतो, आणि मग तो फोन साऱ्या गावाचा होतो. अमक्याच्या थोरल्यानं तमक्याच्या धाकट्याला पाहिलंय, एवढा निरोप गल्लीतून पुढं जातो. ऐकणारी माउली पहिला प्रश्न विचारते: कधी पाहिलं, हादऱ्याच्या आधी की नंतर? त्याला उत्तर नसतं.

एअरटेल नेपाळचे कॉल मोफत करते, बीएसएनएल स्थानिक दर लावते. फेसबुकवर ‘मी सुरक्षित आहे’ असं कळवण्याची सोय होते. पण तिकडं वीज गेलेली, बॅटऱ्या उतरत चाललेल्या. हवाई दलाची विमानं ‘ऑपरेशन मैत्री’खाली मदत घेऊन काठमांडूला पोचतात आणि भारतीयांना घेऊन परत निघतात.

रात्र

बहुतेक काठमांडू उघड्यावर आहे. टुंडीखेलच्या मैदानावर माणसं अंथरूण टाकून बसलीत. इकडं वडीलधाऱ्यांना कोयनेचा भूकंप आठवतो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेनंतर किती तरी दिवस जमीन थरथरत होती. एक धक्का म्हणजे शेवट नव्हे, हे पाटण-कऱ्हाडकडच्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. त्यामुळं ज्यांना आवाज ऐकायला मिळालाय तेही झोपत नाहीत.

रविवार, २६ एप्रिल, १२:३९

६.७. सकाळी ‘बरे आहोत’ म्हणून कळवलेलं होतं, शेजाऱ्यांना सांगूनही झालं होतं. आता ते सगळं शिळं झालं. खुशालीचा निरोप पुढच्या धक्क्यापर्यंतच खरा असतो. मला या घटनाक्रमातली सगळ्यांत कठीण वेळ हीच वाटते. शनिवारी निदान कुणालाच काही माहीत नव्हतं. आज कळलेलं हातचं गेलं, आणि पुन्हा तेच नंबर, तोच व्यग्र असल्याचा आवाज.

पुढचे दिवस

कुणी विमानानं, कुणी सोनौलीच्या नाक्यावरून गोरखपूरला. घरचे एकच धोशा लावतात, निघून या. पण गलाईवाल्याच्या तिजोरीतलं सोनं बहुधा त्याचं नसतं, गिऱ्हाइकाचं असतं. तडा गेलेल्या इमारतीत दुसऱ्याचा माल टाकून निघायचं तर पिढ्यांची पत जाते. आई फोनवर जीव मागते आणि मुलगा हिशेब सांगतो, यात दोघांचंही चुकत नाही.

मंगळवार, १२ मे, १२:३५

७.३. या खेपेला केंद्र काठमांडूच्या पूर्वेला. दोन्ही भूकंप मिळून नेपाळात जवळपास ९,००० माणसं गेली. राहायचं ठरवलेल्यांच्या घरी, इकडं खानापूर तालुक्यात, आता कुणी बातम्यांची वाट पाहत नाही. आधी फोन हातात घेतला जातो.