परवाना देशाचा, दप्तर राज्याचे

१/५
जालन्याने जागा न सोडता राज्ये बदलली. १९४८ पर्यंत निजामाची सत्ता, मग भारतातील हैदराबाद राज्य, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्विभाषिक मुंबई आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र. तेथे माणसे स्थिर होती, सीमा सरकत होती.

२/५
ट्रकचालकाचे नेमके उलटे. सीमा स्थिर, माणूस फिरता. जालना पोलादाच्या कारखान्यांचे गाव. परराज्यात परवाना काढलेला चालक येथे स्थायिक झाला, की त्याच्यापुढे प्रश्न उभा राहतो : हा कागद येथे चालेल काय?

३/५
कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. १ जुलै १९८९ रोजी अमलात आलेल्या मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १३ नुसार परवाना भारतभर वैध असतो. अडचण येते ती नूतनीकरणात आणि पत्ताबदलात.

४/५
व्यावसायिक परवान्याची मुदत मुळात अवघी ३ वर्षे होती. नूतनीकरण दुसऱ्या कार्यालयात होऊ शके. पण मूळ नोंद पहिल्याच कार्यालयाच्या वहीत. खातरजमेसाठी पत्रव्यवहार, ना-हरकत दाखला, प्रतीक्षा. दरम्यान मुदत संपली, की चालकाची रोजी थांबे.

५/५
पुढे ‘सारथी’ प्रणालीने नोंदी संगणकावर आणल्या. २०१९ च्या दुरुस्तीने मुदत ५ वर्षे केली आणि परवान्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद केली. परवाना देशभर वैध होताच. त्याच्या नोंदीला देशाचे दप्तर मिळण्याची तरतूद होण्यास मात्र ३० वर्षे लागली.