द्राक्षबागेतील ट्रॅक्टर : चाके आणि टायरचे माप

द्राक्षबागेत फवारणी, आंतरमशागत आणि खतवाहतूक यांसाठी वापरल्या जाणाऱ्या अरुंद, बुटक्या ट्रॅक्टरला कोणत्या मापाची चाके घालावीत, हा नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात पैशाचा प्रश्न आहे. विंचूर, लासलगाव, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यात खाण्याच्या द्राक्षांच्या बागा दाट आहेत. राज्याच्या २००१ च्या द्राक्षप्रक्रिया धोरणानंतर विंचूरला वाइन पार्क आले आणि वाइनच्या द्राक्षांनाही जवळचे गिऱ्हाईक मिळाले. या बागांत चालणारे ट्रॅक्टर बहुधा १५ ते ३० अश्वशक्तीचे. घेताना चर्चा होते ती अश्वशक्तीची, गिअरची आणि हप्त्याची; टायर कंपनीने जे दिले ते, अशी समजूत असते. झिजल्यावर मात्र दुकानात ‘एक नंबर मोठा’ घालण्याचा मोह होतो. टायरचे माप बागेवरून ठरवावे, ओळींतले अंतर, मांडवाची उंची आणि जमीन यांच्याकडे आधी पाहावे, यंत्राच्या ताकदीचा विचार त्यानंतर करावा, अशी या नोंदीची भूमिका आहे.

रुंदीचे गणित सोपे आहे. ओळींतले अंतर ९ फूट धरले तर ते २७४ सेंटिमीटर होते. त्यात दोन्ही ओळींच्या बोदांचा, म्हणजे वेलींखालच्या उंच वरंब्यांचा, अर्धा-अर्धा भाग जातो. बोद तीन फुटी असेल तर मध्ये सुमारे १८० सेंटिमीटर उरतात. पावणेदोन मीटर रुंदीचा शेतकामाचा मोठा ट्रॅक्टर त्यात घातला तर प्रत्येक बाजूला दोन-तीन सेंटिमीटरच मोकळे राहतात. एवढ्यात वळण घेणे तर सोडाच, सरळ जाणेही कठीण, आणि बोदाची कड ढासळली की ठिबकची नळी चाकाखाली. एक मीटर रुंदीच्या ट्रॅक्टरला तिथेच दोन्हीकडे चाळीस सेंटिमीटर मिळतात. वर ‘वाय’ पद्धतीचे हात आणि ओलांड्यावरून खाली लोंबणारे घड असतात. मांडव असेल तर डोक्यावर छतच असते. फ्रान्समधल्या बर्गंडी आणि शॅम्पेन भागांत ओळी जेमतेम मीटरभर अंतरावर असतात, म्हणून तिथे वेलींच्या वरून पाय फाकून चालणारे उंच ट्रॅक्टर निघाले. आपल्याकडे वेल डोक्यावर घेतला, म्हणून यंत्राला खाली बसावे लागले. अरुंदपणा आणि बुटकेपणा यांचे आणखी एक नाते आहे. चाकांतले अंतर कमी केले आणि वजनाचा मध्य तिथेच उंच राहिला, तर ट्रॅक्टर बाजूला कलंडण्याचा कोन घटतो. अंतर ८० सेंटिमीटर आणि वजनमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटर असेल तर हा कोन स्थिर अवस्थेत सुमारे ३६ अंश येतो. मध्य ६५ वर गेला की ३२ अंशांच्या खाली. चालत्या यंत्रात, खड्ड्यात किंवा वळणावर, यातलेही बरेच गमावले जाते. तेव्हा अरुंद ट्रॅक्टरला उंच चाके घालणे म्हणजे नुसता हौसेचा भाग नव्हे.

टायरवरचे आकडे इथे नीट वाचावे लागतात. ‘८.३-२४’ म्हणजे टायरची रुंदी ८.३ इंच आणि रिमचा व्यास २४ इंच. एकूण व्यास त्यात लिहिलेला नसतो, आणि नेमका तोच कामाचा असतो. जुन्या पद्धतीच्या शेती टायरची उंची रुंदीच्या सुमारे ८५ ते ९० टक्के असते, त्यामुळे रुंदी वाढवली की व्यासही आपोआप वाढतो. ८.३-२० चा व्यास सुमारे ८९ सेंटिमीटर, ८.३-२४ चा ९९.५, ९.५-२४ चा १०५ आणि ११.२-२४ चा ११०.५. आस जमिनीपासून किती उचलला जाईल, तर व्यासातल्या फरकाच्या निम्मा. ८.३-२० काढून ८.३-२४ घातले की मागचा भाग पाच सेंटिमीटर वर येतो. बॉनेट पुढे झुकते, स्टीअरिंग आणि चालकाचे डोके तारांच्या जवळ जाते. अमेरिकेतल्या १९६० च्या दशकातल्या ताकदवान मोटारी खाली बसवून वापरणाऱ्यांपुढे हाच हिशेब असतो, पण त्यांच्या हाती एक सवलत असते. मोटारीच्या टायरला उंचीचे प्रमाण निवडता येते. २१५/७० आर १४ चा व्यास सुमारे ६५७ मिलिमीटर आणि २४५/४५ आर १७ चा ६५२; रुंदी तीन सेंटिमीटर वाढली, रिम तीन इंच वाढले, तरी गाडी होती तिथेच. जुन्या मापाच्या शेती टायरमध्ये ही मोकळीक नाही. रेडियल टायरमध्ये ती काही प्रमाणात आहे, पण त्यासाठी रिमची रुंदीही बदलावी लागते, आणि मग टायर मडगार्डला किंवा हायड्रॉलिकच्या हाताला आतून घासत नाही ना, हे पाहावे लागते. ८.३ ऐवजी ११.२ इंची टायर तेवढ्याच अंतरावर बसवला तर प्रत्येक चाक आत आणि बाहेर दोन्हीकडे पावणेचार सेंटिमीटर फुगते. आतली जागा मिळवायला डिस्क उलटी करून चाक बाहेर सरकवले, की गल्लीतली जागा गेली.

रुंद टायरच्या बाजूने सगळ्यात वजनदार युक्तिवाद जमिनीचा आहे, आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. निफाडची काळी जमीन ओली असताना दाबली गेली की घट्ट बसते. ज्वारी-गव्हाच्या शेतकऱ्याला वाफसा येईपर्यंत थांबता येते. द्राक्षाचे तसे नाही. ऑक्टोबरमधल्या फळछाटणीनंतर कोवळी फूट निघते, त्याच वेळी परतीचा पाऊस येतो आणि केवडा रोग वाफशाची वाट पाहत नाही. चिखलातही फवारणीचा ब्लोअर फिरवावाच लागतो. मग टायर जितका रुंद तितका दाब कमी, असे का म्हणू नये? कारण दाबाचे दोन थर असतात. वरच्या थरातला दाब जवळजवळ टायरमधल्या हवेइतका असतो, आणि खोलवरचा दाब आसावरच्या एकूण वजनावर ठरतो. रुंद टायर हवा तशीच ठेवून घातला तर वरचाही फायदा फारसा होत नाही. फायदा होतो तो त्याच वजनाला कमी हवा चालते म्हणून, आणि हवा कमी करण्याची सवय तर रुंद टायर घेणाऱ्यांतही विरळाच. दुसरे असे की बागेत चाक वर्षानुवर्षे त्याच चाकोरीतून जाते. ती चाकोरी दाबली जाणार, हे गृहीत धरूनच चालावे लागते. प्रश्न उरतो तो दाबलेली पट्टी बोदापासून किती लांब आहे, एवढाच. पांढरी मुळी बोदात आणि ठिबकच्या ओलीत असते. रुंद चाक ती पट्टी तिच्याकडे सरकवते. म्हणून निफाडच्या जमिनीत रुंदीपेक्षा थोडा व्यास, थोडी कमी हवा आणि गल्लीत राखलेले गवत यांचा उपयोग अधिक होतो. व्यास वाढला की टायरचा ठसा लांबीत वाढतो, आणि लांबी चाकोरीच्या आतच राहते. ट्रॅक्टरच्या टायरवर इतका खल करणारे पुष्कळ जण मागे ओढल्या जाणाऱ्या ब्लोअरच्या चाकांकडे पाहतही नाहीत. ६०० लिटरची टाकी भरली की नुसत्या पाण्याचे ६०० किलो त्या दोन छोट्या चाकांवर येतात. मागच्या टायरमध्ये पाणी भरून वजन वाढवण्याची पद्धत नांगरटीला ठीक. फवारणीच्या ट्रॅक्टरमध्ये ते पाणी जमिनीवरचा भुर्दंड आहे.

व्यास वाढवायचा तर किती, याला दोन गोष्टी लगाम घालतात. चारही चाके ओढणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये पुढची चाके मागच्यांपेक्षा साधारण १ ते ५ टक्के जास्त वेगाने फिरावीत, असे गिअर ठरवलेले असतात. मागचा टायर ८.३-२० वरून ८.३-२४ केला तर मागचा वेग सुमारे १२ टक्क्यांनी वाढतो; पुढची चाके ओढण्याऐवजी फरफटतात, आणि कडक रस्त्यावर तो ताण गिअरवर येतो. अगदी माप न बदलताही हे घडते. नव्या टायरच्या नक्षीची खोली तीन सेंटिमीटरच्या आसपास असते. मागचे टायर पुरते झिजले आणि नवी जोडी फक्त पुढे घातली, तर प्रमाण पाच-सहा टक्क्यांनी बिघडते. दुसरा लगाम औषधाच्या मात्रेचा. फवारणीचा पंप फिरवणारा ट्रॅक्टरचा दांडा (पीटीओ) इंजिनच्या फेऱ्यांवर चालतो, चाकाच्या व्यासावर नाही. पंप मिनिटाला तेवढेच पाणी फेकतो, पण ट्रॅक्टर पुढे पळतो. ओळ ९ फुटी, वेग ताशी ४ किलोमीटर आणि पंप मिनिटाला २० लिटर धरला तर एकराला सुमारे ४४० लिटर द्रावण पडते. तोच गिअर, त्याच फेऱ्या, फक्त मागची चाके ८९ ऐवजी ९९.५ सेंटिमीटरची, की हा आकडा ३९५ वर येतो. टाकीतले औषध जुन्याच हिशेबाने मिसळले तर एकराला दहा टक्के औषध कमी मिळते, आणि ‘या वर्षी औषध लागू पडत नाही’ अशी तक्रार सुरू होते. मोठे टायर घालणाऱ्याने वेग पुन्हा मोजला, नोझल बदलले, तर ही अडचण दूर होते हे खरे. शंभर फूट अंतर किती सेकंदांत कापले, एवढे घड्याळ लावले तरी पुरे.

आता व्यवहारातला आक्षेप. छोट्या शेतकऱ्याकडे ट्रॅक्टर एकच असतो. एक एकर बाग, दोन एकर कांदा. उन्हाळ कांदा निघाला की तोच ट्रॅक्टर ट्रॉली जोडून विंचूरच्या उपबाजारात नाहीतर लासलगावला न्यायचा. त्याने मोठा टायर का घालू नये? ओढ वाढेल, ही अपेक्षा यात असते, पण उलटे होते. गिअर तोच असताना व्यास वाढला की चाकाशी मिळणारा जोर त्याच प्रमाणात घटतो, आणि ब्रेकलाही मोठ्या चाकाविरुद्ध झगडावे लागते. मोठ्या टायरमुळे पकड सुधारते ती मऊ शेतात. डांबरी रस्त्यावर, नाशिक-येवला मार्गावरच्या रहदारीत, भरलेली ट्रॉली थांबवताना तिचा उपयोग नाही. ज्याची बाग मोठी नाही आणि कांदा अधिक, त्याने मुळातच ओळी दहा फुटी धरून जरा मोठा ट्रॅक्टर घ्यावा, हे अधिक सरळ उत्तर आहे. लावलेल्या बागेत ओळी हलवता येत नाहीत, म्हणून हा निर्णय कलम आणण्याआधीचा. कांदा भाड्याच्या पिकअपने पाठवणे पुष्कळांना परवडतेही. कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ मापापासून दूर जाईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठामपणे सांगितले. उत्पादकाने पुस्तिकेत पर्यायी म्हणून दिलेली मापे मात्र खुली असतात, आणि बहुतेकांची गरज तेवढ्यात भागते.

मापे घेण्याची वेळही महत्त्वाची. छाटणीनंतर उघड्या बागेत टेप धरला तर सगळे ट्रॅक्टर बसतात; टेप धरायचा तो पानोळा भरलेला आणि घड लोंबत असताना, तोही गल्लीच्या सगळ्यात अरुंद जागी आणि शेवटच्या वळणावर. टायरचा तक्त्यातला व्यास हवेतल्या चाकाचा असतो. वजन पडल्यावर आस काही सेंटिमीटर खाली बसतो, म्हणून उंची मोजताना औजार जोडलेले, टाकी भरलेली आणि चालक जागेवर बसलेला असावा.