छातीचा फोटो : अमेरिकेच्या दारातील क्षयतपासणीचा इतिहास

आनंदीबाई जोशी १८८३ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला बोटीतून उतरल्या तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. त्यांच्या जिद्दीविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. मला मात्र या प्रसंगातली एक छोटी बाब बरेच दिवस खुणावते आहे. बंदरात त्यांना क्षय आहे की काय, हे कोणी तपासले नाही. तसे तपासायला सांगणारा कायदाच तेव्हा अमेरिकेत नव्हता. क्षयाचा जंतू सापडल्याचे रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केले होते, त्याला जेमतेम सव्वा वर्ष झाले होते. पुढे ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयाची पदवी मिळाली. त्या मायदेशी परतल्या त्या आजारी अवस्थेतच, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने वारल्या. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

हा क्षय त्यांनी हिंदुस्थानातून नेला की फिलाडेल्फियाच्या थंडीत त्यांना तो जडला? या रोगाचा स्वभावच असा, की त्याचे उत्तर देता येत नाही. क्षयाचा जंतू शरीरात शिरल्यावर वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो. बहुतेकांच्या बाबतीत जन्मभर. त्या काळी अमेरिकेतल्या शहरांतही क्षय हे मृत्यूचे एक प्रमुख कारण होते. तरी पुढच्या पंचवीस वर्षांच्या आत अमेरिकेच्या कायद्याने या रोगाला दारावर अडवायचे ठरवले. आज ग्रीन कार्डासाठी अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला ज्या वैद्यकीय तपासणीतून जावे लागते, तिचे मूळ तिथे आहे. या इतिहासात एकच प्रश्न वारंवार समोर येतो : रोग सापडला, तर माणसाचे काय करायचे?

सुरुवात १८९१ च्या कायद्यापासून करावी लागते. किळसवाणा किंवा धोकादायक संसर्गजन्य रोग असलेल्यांना देशात घेऊ नये, असे त्या कायद्याने ठरवले आणि तपासणीचे काम मरीन हॉस्पिटल सर्व्हिस या सरकारी वैद्यकसेवेच्या डॉक्टरांकडे सोपवले. असा डॉक्टर वेळेवर मिळाला नाही, तर 'सिव्हिल सर्जन'कडून तपासणी करून घ्यावी, अशीही सोय त्यात होती. आपल्याकडे सिव्हिल सर्जन म्हटले की जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयाचा प्रमुख डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेत या शब्दाचा अर्थ सरकारी सेवेबाहेरचा, पण या कामासाठी नेमलेला डॉक्टर असा होता. तो शब्द अजून टिकून आहे. अमेरिकेत राहून ग्रीन कार्डाचा अर्ज करणाऱ्याला आजही सिव्हिल सर्जनकडूनच तपासून घ्यावे लागते.

१ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्क बंदरातले एलिस आयलंड हे स्थानक सुरू झाले. पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाच्या उतारूंची पाहणी बोटीवरच, त्यांच्या सोयीने होई. तिसऱ्या वर्गाच्या उतारूंना मात्र बेटावर नेत. सामान हातात घेऊन ते जिना चढत आणि वर उभा असलेला डॉक्टर त्यांना धाप लागते का, ते लंगडतात का, हे पाहत असे. एका माणसाला मोजके काही सेकंद मिळत. संशय आला की अंगावरच्या कोटावर खडूने अक्षर काढायचे : हृदयासाठी एच, लंगडेपणासाठी एल, डोळ्यांसाठी ई. खुपऱ्यांचा रोग शोधण्यासाठी पापणी उलटी करत, आणि त्यासाठी बुटाची बटणे अडकवण्याची आकडीसुद्धा वापरत. त्या आकडीची धास्ती उतारूंनी जन्मभर बाळगली.

क्षय असा काही सेकंदांत दिसत नाही. त्यासाठी छाती ऐकावी लागते, बेडका सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. खडूची खूण झालेल्यांपैकी मोजक्यांचीच एवढी तपासणी होई. त्यामुळे १९०७ च्या कायद्याने प्रवेश नाकारण्याच्या कारणांत क्षयाचे नाव स्पष्टपणे घातले, तरी क्षयासाठी परत पाठवलेल्यांची संख्या खुपऱ्यांच्या मानाने थोडीच राहिली. एलिस आयलंडवरून सर्व कारणांनी मिळून परत पाठवलेले लोकच मुळी शेकडा दोनच्या आसपास होते. पण ज्याच्यावर ही पाळी येई, त्याचे घर मोडे. लहान मुलाला परत पाठवले, तर आई किंवा बाप यांपैकी एकाला त्याच्याबरोबर बोटीत चढावे लागे. बाकीचे पलीकडच्या किनाऱ्यावर राहत. क्षयावर औषध नसल्यामुळे 'बरा होऊन या' असे सांगण्याचीही सोय नव्हती. रोग सापडला की दार बंद, हे त्या काळचे उत्तर.

बोट किनाऱ्याला लागल्यावर माणूस परत पाठवणे खर्चाचे असते. म्हणून १९०३ च्या कायद्याने खर्च कंपन्यांवर टाकला. निघण्याच्या बंदरातच ओळखता आला असता असा रोगी उतारू आणला, तर दर माणसामागे शंभर डॉलर दंड. लगेच युरोपातल्या बंदरांत बोट कंपन्यांचे डॉक्टर उतारूंना तपासू लागले. १९२४ च्या कायद्यानंतर व्हिसा परदेशातल्या वकिलातीतूनच घेणे सक्तीचे झाले आणि तपासणीही तिकडे गेली. अमेरिकेचे दार असे हळूहळू अर्जदाराच्या गावापर्यंत येऊन पोहोचले. एलिस आयलंड १९५४ मध्ये बंद झाले, ते बऱ्याच अंशी निरुपयोगी होऊनच.

हिंदी माणसाचा या व्यवस्थेशी पहिला मोठा सामना झाला तो दुसऱ्या किनाऱ्यावर. सॅन फ्रान्सिस्कोजवळचे एंजल आयलंड हे स्थानक १९१० मध्ये सुरू झाले. त्याच सुमारास हुकवर्म, म्हणजे आतड्यांतला अंकुशकृमी, धोकादायक संसर्गजन्य रोगांच्या यादीत आला. आशियातून आलेल्या उतारूंची शौचाची तपासणी सुरू झाली. पंजाबातून मजुरीसाठी आलेल्या अनेकांना याच कारणाने परत जावे लागले. गंमत अशी, की नेमक्या त्याच वेळी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत लाखो लोकांच्या पोटात हाच कृमी होता. तिथे त्याच्या निर्मूलनासाठी रॉकफेलर यांच्या देणगीतून १९०९ मध्ये आयोग नेमला गेला, औषधे वाटली गेली, शौचालये बांधण्याचा प्रचार झाला. एकच कृमी, त्यावर औषध असूनही एकाला दवाखाना मिळाला आणि दुसऱ्याला परतीची बोट.

पुढे हिंदी माणसासाठी तपासणीचा प्रश्नच उरला नाही. १९१७ च्या कायद्याने आशियाचा मोठा पट्टाच वर्ज्य ठरवला. १९४६ मध्ये वर्षाला शंभर हिंदी माणसांचा कोटा मिळाला, आणि १९६५ च्या कायद्याने दार खऱ्या अर्थाने उघडले. त्यानंतर गेलेल्यांत डॉक्टर आणि इंजिनिअर बरेच होते, मराठी माणसेही होती. त्या पिढीला छातीचा फोटो चांगलाच आठवतो. क्ष-किरणांची फिल्म मोठ्या पाकिटात घालून, सोबत तपासणीच्या कागदांचा मोहोरबंद लिफाफा घेऊन ती माणसे विमानात बसली. लिफाफा आपण उघडायचा नाही, तिकडच्या विमानतळावरच्या अधिकाऱ्याने उघडायचा.

मधल्या काळात एक मोठा बदल झाला होता. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडले. १९५२ मध्ये आयसोनायझिड आले, आणि त्याच्या गाजलेल्या चाचण्या न्यूयॉर्कच्याच स्टेटन आयलंडवरील सी व्ह्यू रुग्णालयात झाल्या. क्षय बरा होऊ लागला. पण उपचार कुठे द्यायचे, याचे उत्तर तेव्हा जगभर एकच होते : सॅनेटोरियममध्ये. आपल्याकडच्या वानलेसवाडीला किंवा शिवडीला जाणे म्हणजे घरातून उठणेच असे. या समजुतीला धक्का दिला तो मद्रासने. तिथे १९५६ मध्ये सुरू झालेल्या आणि १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाला सॅनेटोरियममध्ये, तर दुसऱ्याला गरीब वस्तीतल्या दाटीवाटीच्या घरीच औषधे दिली गेली. गुण जवळपास सारखाच आला. शिवाय घरी राहिलेल्या रुग्णांच्या कुटुंबीयांना जास्त लागण झाली, असेही आढळले नाही. रुग्णाने गोळी आरोग्यसेवकाच्या देखत घ्यावी, ही पद्धतही मद्रासच्याच कामातून घडत गेली.

हा मद्रासचा वारसा आज व्हिसाच्या नियमांत आहे. मुंबईच्या वकिलातीत स्थलांतराचा व्हिसा मागणाऱ्याला आधी वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरकडे जावे लागते. पंधरा वर्षांवरील प्रत्येकाचा छातीचा फोटो निघतो. फोटोत संशयास्पद डाग दिसला किंवा लक्षणे असली, तर तीन दिवस सकाळचा बेडका द्यावा लागतो. २००७ च्या नियमांपासून तो नुसता सूक्ष्मदर्शकाखाली पाहून भागत नाही. त्यातला जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहतात, आणि त्याला आठवड्यांमागून आठवडे जातात. क्षय निघाला तर शेरा पडतो 'क्लास ए'. मग डॉक्टरांच्या देखत गोळ्या घेत पूर्ण उपचार, साधारण सहा महिने किंवा अधिक. ते संपले आणि बेडका जंतुमुक्त निघाला की व्हिसाचा मार्ग मोकळा होतो. १९०७ मध्ये जिथे कायमचा नकार होता, तिथे आज थांबा आहे. तो थांबाही हलका नसतो. तिकिटे रद्द होतात, नोकरीचा राजीनामा देऊन झालेला असतो, आणि नातेवाईक 'अजून निघाला नाहीत?' असे विचारतात. क्षयाचे नाव घेण्याची आपल्याकडची लाज अशा वेळी रोगापेक्षा जड होते.

या लाजेत एक गैरसमज भर घालतो. आपल्या देशात बीसीजी लसीची मोठी मोहीम स्वातंत्र्यानंतर लगोलग उभी राहिली. अमेरिकेने ही लस सरसकट कधी दिलीच नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या डाव्या दंडावर तिचा व्रण आहे. १९०८ मध्ये मांटू यांनी रूढ केलेली त्वचेची चाचणी लस टोचलेल्या माणसातही फुगून येऊ शकते. त्यामुळे 'हा बीसीजीचा परिणाम आहे' विरुद्ध 'हा क्षयाचा संसर्ग आहे' असा वाद अमेरिकेतल्या दवाखान्यांत कित्येक वर्षे झडला. बीसीजीने न फसणारी रक्ताची चाचणी पुढे आली, आणि २०१८ पासून सिव्हिल सर्जनसाठी तीच सक्तीची झाली. ती होकारार्थी आली की घरात रडारड होते. वास्तविक त्याचा अर्थ एवढाच, की जंतूची गाठ कधीतरी पडली आहे. फोटो स्वच्छ असेल, लक्षणे नसतील, तर हा सुप्त संसर्ग. तो दुसऱ्याला लागत नाही आणि त्यामुळे ग्रीन कार्डही नाकारले जात नाही. प्रतिबंधक औषध घ्यावे, असा सल्ला मात्र मिळतो, आणि तो ऐकण्यासारखा असतो.

तपासणीच्या बाजूनेही बोलले पाहिजे. अमेरिकेत आज क्षयाचे बहुसंख्य रुग्ण परदेशात जन्मलेले असतात, आणि जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. तेव्हा आरोग्यखात्याची काळजी निराधार म्हणता येत नाही. मात्र तपासणीची रेषा कुठे ओढली आहे, हे पाहण्यासारखे आहे. पर्यटक, विद्यार्थी, एच-वन-बी व्हिसावरचा कर्मचारी यांना व्हिसासाठी सर्वसाधारणपणे ही तपासणी नाही. भारतीय इंजिनिअर तिथे दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे राहतो, कर भरतो, मुले शाळेत धाडतो, आणि ग्रीन कार्डाची पाळी आली की 'बाहेरून रोग आणतो आहेस का?' म्हणून त्याचे रक्त तपासले जाते. जंतूला व्हिसाचा प्रकार कळत नाही. एलिस आयलंडवर रेषा बोटीच्या वर्गाप्रमाणे होती, आज ती अर्जाच्या नमुन्याप्रमाणे आहे. तुम्ही पाहुणे म्हणून राहणार की कायमचे, या प्रश्नाशी तिचा संबंध अधिक दिसतो.

म्हणून तपासणी असावी की नसावी, या वादापेक्षा मला सुरुवातीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. तपासणीमागून उपचार येत असेल, तर ती माणसाच्या हिताची होते. निदान होऊन लवकर औषध सुरू झालेला अर्जदार व्हिसासाठी सहा महिने थांबला, तरी जिवानिशी वाचला. तपासणीमागून नुसता नकार येत असेल, तर ती एंजल आयलंडवरची तपासणी होते, मग यंत्रे कितीही नवी असोत. या सव्वाशे वर्षांत रोग फारसा बदलला नाही. सापडलेल्या रोग्याला आपण काय देतो, ते बदलले.

आनंदीबाईंच्या अस्थी गोपाळरावांनी अमेरिकेला कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. पोकीप्सी गावच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत त्या आहेत. डॉक्टर होऊन परतलेल्या त्या मुलीला देण्याजोगी एकही गोळी तेव्हा पुण्यात नव्हती, फिलाडेल्फियात नव्हती, की बर्लिनमध्ये कॉख यांच्याकडेही नव्हती. आज ती गोळी आपल्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. फोटोत डाग निघाला म्हणून मान खाली घालणाऱ्या कोणत्याही अर्जदाराला पहिल्यांदा हे सांगायला हवे.