निरर्थकतेचा प्रदेश: ‘कोसला’ ते ‘गाभ्रीचा पाऊस’

१९४२ साली आल्बेर काम्यूने आत्महत्येला तत्त्वज्ञानातील खरा गंभीर प्रश्न मानले. त्याचा प्रश्नकर्ता एकटा होता. समोर मूक विश्व होते. मराठीत ही जाणीव साठोत्तरी कालखंडात रुजली. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’तील (१९६३) पांडुरंग सांगवीकर पुण्यातून अपयश घेऊन गावी परततो; निरर्थकता येथे व्यक्तीच्या अनुभवाचे रूप घेते.

सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’मध्ये (२००२) हाच प्रश्न शेतात उतरतो. सुशिक्षित बेकार एकनाथाच्या वाट्याचा दगड सिसिफसप्रमाणे देवांनी लादलेला नाही. तो कर्ज, नापिकी व शेतमालाचा भाव यांनी घडविला आहे. सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) या चित्रपटात शेजारच्या शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर अलका नवऱ्यावर, किसनावर, घरच्यांची पाळत बसविते. मरणाचा निर्णय येथे एकट्याचा राहतच नाही. त्याचे भय साऱ्या घराचे होते.

२००६ च्या पंतप्रधान पॅकेजमधील विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत वाशीम होता. मंगरूळपीरसारख्या तालुक्यातील शेतकऱ्याची आत्महत्याही शासनदरबारी मदतीस ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरू लागली. काम्यूचा प्रश्न निकषांच्या तक्त्यात बसविला गेला. या कलाकृती तो तेथून सोडवून घेतात. जगणे सार्थ आहे काय, याआधी ते अशक्य कोणी केले, असे त्या विचारतात. विश्वाच्या मौनाला कोणी उत्तरदायी नसते. बाजाराच्या आणि शासनाच्या मौनाला असते. अस्तित्ववादात मराठी कथनाने घातलेली भर ती हीच.