आधी कुलूप, मग पुस्तक

कुहीत एखाद्या पोरानं मानसशास्त्र घेऊन बीए करतो म्हटलं, की प्रश्न ठरलेला: "येड्यायचं शास्त्र शिकतं का गा?" हसू नका, या प्रश्नाला इतिहास आहे. चाळीसेक किलोमीटरवरच्या नागपुरात मनोरुग्णालय निघालं १८६४ साली. पाठ्यपुस्तकं जिथून सुरू होतात, ती वुंटची लाइपझिगमधली प्रयोगशाळा १८७९ ची. कलकत्ता विद्यापीठातला मानसशास्त्र विभाग १९१६ चा, आणि नागपूर विद्यापीठच मुळी १९२३ चं. म्हणजे आपल्याकडे आधी कुलूप आलं, मन समजून घेणारं पुस्तक नंतर. १९१२ च्या कायद्याच्या तर नावातच 'वेड' होतं; १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तो रद्द झाला. लोकांच्या डोक्यातला मात्र अजून व्हायचाय. ते काम या बीएवाल्या पोरांचं.