पर्जन्यजलवाहिनी : एका शब्दाचा इतिहास

मुंबईच्या इतिहासाची पुस्तके उघडली की समुद्र हटवणारे गव्हर्नर भेटतात, तलाव बांधणारे इंजिनिअर भेटतात, गिरण्या काढणारे शेठ भेटतात. ज्यांनी हे शहर रोज साफ केले, ते मात्र कराच्या कलमात किंवा साथीच्या अहवालात शोधावे लागतात. इतिहास शिकवणारा माणूस म्हणून मला हा योगायोग वाटत नाही. शहराच्या नाल्यांतून समुद्रात जाणाऱ्या घाणीची चर्चा आज पर्यावरणाचा प्रश्न म्हणून होते. तो पर्यावरणाचा प्रश्न आहेच. पण त्याच्या तळाशी जातीने वाटून दिलेले श्रम आहेत, आणि ते श्रम झाकणारा एक सोवळा शब्द आहे : पर्जन्यजलवाहिनी.

सात बेटे जोडून हे शहर झाले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हॉर्नबीच्या बांधाने महालक्ष्मी-वरळीची खाडी अडवली आणि आतली खोलगट जमीन शहराला मिळाली. ती भरतीच्या पातळीहून खाली होती. तिच्यातले पाणी वरळीकडे नेऊन ओहोटीला समुद्रात सोडण्यासाठी एक उघडा चर होता. पुढे त्यालाच 'मेन ड्रेन' म्हणू लागले. पावसासाठी असलेल्या या चरात वस्तीचा मैलाही जाऊ लागला. एकोणिसाव्या शतकात तो टप्प्याटप्प्याने झाकण्यात आला. घाण दिसेनाशी झाली, पण गेली नाही. त्याच शतकाच्या उत्तरार्धात इंजिनिअरांनी नियम केला की पावसाचे पाणी वेगळ्या वाहिनीने जाईल आणि मैला वेगळ्या नळीने. कागदावर दोन पाणी वेगळे झाले. ज्या घरांना नळी मिळाली नाही, तेथला मैला माणसे वाहत राहिली. काठियावाड-गुजरातेतून आलेले भंगी आणि मेघवाळ, दख्खन-कोकणातून आलेले महार आणि मांग या खात्यांत भरले गेले. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात पाणीपट्टीच्या शेजारी 'हलालखोर कर' होता. करालाच जातीच्या धंद्याचे नाव! हलालाचे खाणारा तो हलालखोर. शब्द गौरवाचा, वागणूक विटाळाची.

१८९६ साली प्लेग आला तेव्हा या विटाळाची खरी किंमत शहराला कळली. रोग गटारांतून येतो अशी त्या वेळी समजूत होती, म्हणून गटारांत समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक ओतले गेले. उंदरावरच्या पिसवांचा संबंध सिमॉन या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये मांडला, तोवर हा मारा होऊन गेला होता. लोक शहर सोडून पळत होते. सक्तीच्या उपायांना घाबरून हलालखोरही निघून गेले तर शहर राहण्यालायक उरणार नाही, ही भीती पालिकेच्या अधिकाऱ्यांनी स्वतः नोंदवून ठेवली आहे. ज्याला शिवायचे नाही त्याच्या जाण्याने सारे शहर कोसळते, ही कबुली आपल्या पाठ्यपुस्तकांत का येत नाही?

आता आजचे पाहू. मुंबईच्या पर्जन्यजलवाहिन्यांची १८६ मुखे समुद्रात आणि खाड्यांत उघडतात. जुनी व्यवस्था ओहोटीच्या वेळी तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली. १९९३ च्या 'ब्रिमस्टोवॅड' अहवालाने ती क्षमता ५० मिलिमीटरवर नेण्यास सांगितले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तो अहवाल पुन्हा आठवला. मोठाली पंपिंग स्टेशने उभी राहिली. पण या साऱ्याचा भर पाणी लवकर समुद्रात कसे जाईल यावर आहे. पाण्यात काय आहे, हा प्रश्न मागे पडतो.

त्याची कसोटी अगदी सोपी आहे. एप्रिल-मे महिन्यात, आभाळात ढग नसताना, नाला वाहताना दिसला तर त्यात पाऊस नाही. इमारतींच्या चोरजोडण्या, कारखान्यांचे सांडपाणी, मलवाहिनी न मिळालेल्या वस्त्यांची शौचकूपे, गोठ्यांचे शेण असे सारे त्यात असते. हेच पाणी मिठीतून माहीमच्या खाडीत उतरते आणि कोळ्यांच्या जाळ्यात मासळीऐवजी प्लास्टिक येते. दोष मात्र नाल्याकाठच्या झोपड्यांना दिला जातो. १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून आलेल्यांना नाल्याकाठाशिवाय जागा कोणी दिली होती? आणि नळी नाकारून मैल्याबद्दल जाब विचारणे हा कुठला न्याय?

दादरला चैत्यभूमीशेजारी पर्जन्यजलवाहिनीच्या मुखावर २०२२ मध्ये माता रमाबाई आंबेडकरांच्या नावाने समुद्र पाहण्याचा सज्जा झाला. आदर चांगलाच आहे. पण ज्या बाबासाहेबांना आपण तेथे वंदन करतो, त्यांनी घाण उपसण्याचे काम जन्माने ठरवण्याच्या व्यवस्थेलाच आव्हान दिले होते. म्हणून मुखावरच्या सज्जाबरोबर प्रवाहाच्या उगमाकडेही पाहिले पाहिजे.

येथेच तो शब्द आडवा येतो. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला उचलायला लावण्यावर बंदी घातली. संरक्षक साधनांशिवाय गटारात वा सेप्टिक टाकीत माणूस उतरवणेही गुन्हा ठरला. गटार म्हणजे मानवी मैला वाहून नेणारी भूमिगत नळी, असे हा कायदा सांगतो. पण पावसाळ्याआधीच्या नालेसफाईच्या कंत्राटात काम लिहिलेले असते 'गाळ काढणे'. मैल्याला गाळ म्हटले की उतरणारा माणूस कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवणे सोपे होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. पण वाहिनीचे नावच पावसाचे असेल, तर मेलेल्याच्या बायकोने आधी काय सिद्ध करायचे?

समुद्र स्वच्छ करायचा तर किनाऱ्यावर जाळ्या लावून भागणार नाही. जाळ्या हव्यातच, कारण त्या प्लास्टिक अडवतात. मैला मात्र त्यांतून सरळ पार होतो. म्हणून प्रत्येक वस्तीला, तिची कागदपत्रे न विचारता, मलवाहिनी द्या. चोरजोडण्या शोधून तोडा, मग त्या कितीही उंच इमारतीच्या असोत. कोरड्या हंगामातले नाल्याचे पाणी अडवून शुद्धीकरण केंद्राकडे वळवा. नाल्यात यंत्र उतरवा, माणूस नको. आणि कंत्राटाच्या कागदावर मैल्याला मैला म्हणा. हा बदल बिनखर्चाचा आहे. तरीही तो होत नाही, याचे कारण शोधायला अभियांत्रिकीचे पुस्तक उघडण्याची गरज नाही.